व्यंजनं वगळून

बँडचं नाव राखुंडी.
वडील म्हणाले, दात घासायचं नाव ठेवलंत?
मी म्हटलं, काळं असतं आणि रोज लागतं.
ते हसले नाहीत. पत्र्यावर ठोकत राहिले.

तांबट आळीत चाळीस वर्षं जे ठोके पडले
ते सगळे माझ्या डाव्या कानात राहायला आलेत.
डॉक्टरांकडे त्याला काहीतरी नाव आहे.
मी सातवी तार म्हणते.

रिबका शरणपूरची. दिवसभर नाशिकरोडला
आधारकार्डांच्या दोन्ही बाजू झेरॉक्स करते,
संध्याकाळी डोळ्यांत काजळ इतकं
की रिक्षावाला विचारतो, ताई, घरी सगळं ठीक ना?

गाण्यांना शब्दच नाहीत, असं लोक म्हणतात.
आहेत.
रविवारी उपासना सुटली की ती दफनभूमीत जाते,
दगडांवरची नावं वहीत उतरवते,
मग एकेका नावातली व्यंजनं खोडते.
उरतात काना, मात्रा, वेलांटी,
बसायला अक्षर नसलेली,
तारेवरून उडून अजून कुठेच न उतरलेली.
ते गाते.
"स्वर म्हणजे दुसरं काय असतं," म्हणते,
बिस्कीट चहात बुडवते, आणि ते तुटतं.

भाद्रपदात ओझरच्या पुढे एक कोल्ड स्टोरेज रिकामं मिळालं.
द्राक्षं केव्हाच समुद्रापार गेलेली.
भाडं रात्रीचे सहाशे, आणि वॉचमन उगल्यांना
एकदा तरी ऐकू द्यायचं.
आत गंधकाच्या कागदांचा वास होता,
कुणीतरी नुकतीच काडी विझवल्यासारखा.
मी टेम्पोतून बंब आणला, आजोबांनी घडवलेला,
धुराड्यात माईक सोडला, खाली तोंडाशी स्पीकर.
गिटारची एक टिचकी आत जायची
आणि म्हातारी होऊन बाहेर यायची.

त्याच पंधरवड्यात इकडे गावात
रामकुंडावर पिंडं, कावळे, परगावच्या गाड्या,
लॉजवाल्यांनी गच्चीतसुद्धा गाद्या टाकलेल्या.
कुणी पिशवीतली हाडं पाण्यात सोडतो
आणि रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात ठेवतो.
हे मी शाळेत जाता-येता पाहिलंय.
रिबकाच्या माणसांना पाणी नाही, माती.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
एकदा उगल्यांनी चुकून कॉम्प्रेसर चालू केला,
तो तिच्याच सुराच्या जरा खाली घुमायला लागला,
तर ती अर्धा सूर उतरली त्याच्यासाठी.
मशीनसाठी एवढं कोण करतं.

ऐकायला नऊ जण आले.
स्वेटर आणा असं कळवलं होतं, दोघांनीच आणले.
मार्थामावशी, तिची आई, क्रेटवर बसल्या,
पर्स मांडीवर घट्ट, शेवटची बस चुकेल अशा.
तिसऱ्या गाण्यात रिबका
अ वर थांबली,
मग उ,
मग ए, तो बंबातून गेला, भिंतीला लागला,
परत आला, पुन्हा गेला

आणि मावशी उभ्या राहिल्या,
हजेरीत दुसऱ्याचं नाव घ्यावं तशा म्हणाल्या,
"शमुवेल."

विटेएवढा दगड होता, रिबकाने नंतर सांगितलं.
आडनाव नाही. तारखेच्या जागी शेवाळ,
म्हणून वहीत नुसती रेघ.
"तुझ्या आधीचा," मावशी एवढंच बोलल्या
आणि विचारलं, इथून सीबीएसला रिक्षा मिळेल का.

रेकॉर्डिंगमध्ये ते राहिलंय.
श, म, व, ल.
अख्ख्या अल्बममध्ये तेवढीच व्यंजनं.
मी दोनदा कर्सर तिथवर नेला,
दोनदा चहा करायला उठले.

वडिलांना ऐकवलं काल, हेडफोन लावून.
डोळे मिटून बसले शेवटपर्यंत. वाटलं, झोपले.
मग हेडफोन काढून म्हणाले,
"बंबाची तळाकडची झाळ सुटलीय.
घेऊन ये."